दाजीनं केलेलं अपडेट

करुणाच्या बहिणीचा नवरा रविंद्र हिंगोलीच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. तेवढ्या भांडवलावर त्यानं अख्ख्या सासरवाडीला अक्कल शिकवायचा ठेका घेतला होता. प्रिंटरमध्ये कागद अडकला, तर हा आधी "काय तुमचं गाव" म्हणून नाक मुरडणार आणि मग तोच कागद फाडून बसणार. करुणा गिळायची सगळं. दाजी पडला ना!

हिंगोलीजवळच्या गोरेगावात तिचं फ्लेक्स डिझाइनचं दुकान. कॉम्प्युटर जुना, मोठं बॅनर उघडलं की धापा टाकायचा. म्हणून तिनं नवा प्रोसेसर आणला, पण कॉम्प्युटरमधला जुना मदरबोर्ड त्याला ओळखच देईना. बोर्डातला मूळ प्रोग्राम, म्हणजे बायोस, आधी अपडेट करावा लागतो म्हणे. त्यात मधेच लाईट गेली तर बोर्ड कायमचा मरतो, आणि बोर्ड मेला की दुकानाला कुलूप. एवढं करुणालाही कळत होतं, म्हणून शेजारच्या टेलरचा इन्व्हर्टर आणू का, असं तिनं अपडेट करायला आलेल्या दाजीला विचारलं.

दाजी हसला. इन्व्हर्टर कशाला, वायरमन जळबा आपल्या खिशात आहे! पाय पसरून त्यानं फोन लावला, लई महत्त्वाचं काम चालू करून राहिलो, लाईट अजिबात जायला नको, अशी तंबी दिली आणि ऐटीत बटण दाबलं.

स्क्रीनवरची पट्टी अर्ध्यावर आली आणि लाईट गेली.

थोड्या वेळानं आली. पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळीच. करुणानं पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं. काहीच न्हाई. तेवढ्यात जळबाचा फोन.

"साहेब, गावाला लाईट देणाऱ्या डीपीवरची तार ढिली व्हती. तुमच्या कामात लाईट जाऊ नये म्हणून जरा बंद करून आवळून घेतली. आता बिनघोर करा."

दाजीनं जळबाला शिव्या घातल्या, मग गावाला, मग कॉम्प्युटरला. स्वतःला सोडून सगळ्यांना. शेवटी घाम पुसत म्हणाला, "तसंबी भंगारच व्हतं. चहा ठेव."

करुणाच्या माहेरात जावयाला आजवर कुणी अरेतुरे केलं नव्हतं. तिनं त्याची बॅग उचलून त्याच्या हातात दिली.

"ते भंगार रोज चालू व्हत व्हतं, रविंद्र," ती म्हणाली. "तू जा आता. हिंगोलीची जीप सुटून राहिली."