जबड्यातला कच्चा टाका

सव्वासहाला गजर वाजे. धाकटी डोळे न उघडताच जिभेचे टोक वरच्या दातांवरून खालच्या दातांवर फिरवी आणि दोन्ही रांगा जिथल्या तिथे आहेत याची खात्री करून घेई. मग बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून दातांवरच्या तारांच्या आकड्यांत अडकवलेल्या चार रबरी कड्या एकेक करून सोडवी. कोमट मिठाचे पाणी तोंडात घेई, हलकेच फिरवी, टाकून देई. लहान मुलांच्या मऊ ब्रशने दात घाशी. खालचा ओठ बधिर होता, त्यामुळे पाण्याची एक धार हनुवटीवरून ओघळे आणि ती तिला थेट गळ्यावरच कळे.

"आई, गळती लागली!" ती दात न उघडता ओरडे.

"छपराला की तुला?" स्वयंपाकघरातून उत्तर येई आणि पाठोपाठ टॉवेल.

त्यानंतर न्याहारी. मटार-गाजराचे दोनदा गाळलेले सूप एका मोठ्या पिचकारीत भरायचे, तिच्या नळीचे टोक गालाच्या कोपऱ्यात ठेवायचे आणि दट्ट्या हळूहळू दाबायचा. वाटीभर सूप संपायला पंचवीस मिनिटे लागत. शेवटी पुन्हा दात घासायचे, चार नव्या कड्या लावायच्या, आणि मग खरा दिवस सुरू व्हायचा.

मित्रांनो, यातले मी काहीच पाहिलेले नाही. मला डोळे नाहीत. धाकटीच्या खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूला, हिरडीच्या आड, हाडाला पाठ टेकून बसलेली मी एक जुनी पट्टी आहे. जुनी म्हणजे अकरा महिन्यांची. तुम्हाला हसू येईल, पण ज्या जातीचा जन्मच विरघळून जाण्यासाठी झालेला असतो, त्या जातीत अकरा महिने म्हणजे पिकले पान. मला जे कळते ते हाडातून कळते. हाड हा फार चांगला निरोप्या आहे. हसणे, गिळणे, पायऱ्या उतरणे, शेजारच्या यंत्राची घरघर, समोरच्याचे बोलणे, सगळे तो माझ्यापर्यंत आणून पोचवतो. जे नुसते दिसते, ते पुढे कोणी बोलून दाखवले की कळते.

माझा जन्म एका स्वच्छ, पांढऱ्या कारखान्यात झाला. दूध विरजताना जे आम्ल तयार होते, त्याच आम्लाचे कण एकमेकांत गुंफून माझे अंग बनवले गेले. लांबी बोटाच्या दोन पेरांएवढी, जाडी नखापेक्षा थोडी जास्त, अंगावर चार भोके. रुग्णालयात आले तेव्हा शेजारच्या तबकात धातूच्या पट्ट्या होत्या. चकचकीत, ताठ, आणि तोंडाने फटकळ.

"तू किती वर्षं टिकणार गं?" त्यांतल्या एकीने विचारले.

"दीड-दोन."

"अगंबाई, म्हणजे साखरेची बाहुलीच की! आम्ही जन्मभर राहतो. माणूस जातो, आम्ही राहतो."

याचे उत्तर पुढे मला धाकटीकडून मिळाले.

धाकटी शिंप्याची मुलगी. तिचे वडील चौकातल्या दुकानात चाळीस वर्षे कपडे शिवतात. सारे गाव त्यांना मास्तर म्हणते. धाकटीही तिथेच शिवते. दुकानात तिसरे माणूस म्हणजे जुने कारागीर इंचकाका. कोणताही कपडा शिवताना आत एक इंच जादा कापड दुमडून ठेवायचे आणि वर "माणूस वाढतोच" असे बजावायचे, म्हणून हे नाव. धाकटीचा खालचा जबडा वरच्या जबड्याच्या पुढे वाढला होता. पुढचे दात एकमेकांना कधी भेटलेच नव्हते. सफरचंद ती सुरीने कापून, दाढांनी, एका बाजूने खाई. बोलताना तोंडावर हात धरण्याची तिला सवय जडली होती. चोविसाव्या वर्षी तिने शस्त्रक्रिया करून घ्यायचे ठरवले, आणि डॉक्टरबाईंनी दोन्ही प्रकारच्या पट्ट्या समोर ठेवल्या तेव्हा तिने मला निवडले.

मास्तरांना ते पटले नव्हते. "विरघळणारी कसली? पक्कं काहीतरी घाल. जबडा आहे, पडद्याची झालर नाही."

"बाबा, कोट शिवताना तुम्ही आधी कच्चा टाका का घालता?"

"कापड हलू नये म्हणून."

"आणि पक्की शिलाई झाल्यावर?"

"उसवून टाकतो."

"मग? पक्की शिलाई माझं हाडच घालणार आहे. हिनं तोवर धरून ठेवायचं. आणि ही तर उसवायलाही लागत नाही."

हा संवाद तिने पुढे आईला इतक्यांदा ऐकवला की मला तो पाठ झाला. धातूच्या पट्टीला द्यायचे उत्तर ते हेच, मित्रांनो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मला गरम पाण्याच्या कुंडात बुडवले. मी मऊ झाले, आणि त्या मऊपणातच डॉक्टरबाईंनी मला हाडाच्या वळणावर बेतले. मापाचा कपडा अंगावर बसावा तशी मी बसले. त्यांनी हाडात बारीक भोके पाडली, भोकांत आटे पाडले आणि माझ्याच जातीचे चार स्क्रू फिरवायला घेतले. तिसऱ्याची मान मोडली. "हळू," डॉक्टरबाई स्वतःशीच म्हणाल्या, "हे लोखंड नव्हे." दुसरा स्क्रू आला आणि अलगद बसला. उजव्या बाजूला माझी जुळी बहीण अशीच बसवली गेली. कापून मागे सरकवलेला जबडा आता आम्हा दोघींच्या भरवशावर होता.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले, "सहा आठवडे. चावायचं नाही, तोंड मोठं उघडायचं नाही. या पट्ट्यांची ताकद बेताची आहे. हाड जुळायच्या आत जबडा सरकला, तर पुन्हा टेबलावर यावं लागेल."

पुन्हा टेबलावर. हे दोन शब्द धाकटीने मनात गाठ मारून ठेवले. पहिल्या आठवड्यात तिचा चेहरा इतका सुजला होता की इंचकाका भेटायला आले आणि दारातूनच म्हणाले, "मास्तर, गळ्याचं माप बदललं हो." ती हसली आणि कळवळलीही. पण त्या हसण्यात भीती नव्हती. दुसऱ्या आठवड्यात सूज उतरली. तिसऱ्यात तिने आरसा हातात घेऊन ओठ विलग केले, आणि पुढचे वरचे दात खालच्या दातांवर पांघरुणासारखे टेकलेले पाहून पाच मिनिटे नुसती बसून राहिली. तिच्या नाडीचे ठोके माझ्यापर्यंत येत होते. एखाद्या लग्नघरात असावी तशी त्यांची लगबग चालली होती.

पाचव्या आठवड्यात तिला दुकानात बसून हलके काम करायची परवानगी मिळाली. एका वाद्यवृंदाचे बावीस काळे कोट शिवायचे होते. मास्तरांच्या दुकानात काम करायची एक रीत होती: टाचण्या ओठांत धरायच्या. चार-पाच टाचण्या डोकी बाहेर ठेवून ओठांच्या चिमटीत पकडायच्या, एकेक काढून कापडाला लावायची. मास्तर तसे करीत, त्यांचे वडील तसे करीत, इंचकाका तर टाचण्यांसकट गप्पा मारीत. "तोंडात टाचण्या नाहीत तो शिंपी कसला?" हे मास्तरांचे आवडते वाक्य.

पहिल्याच दिवशी बाहीला अस्तर टाचताना धाकटीने सवयीने तीन टाचण्या ओठांत धरल्या. खालचा ओठ बधिर आहे, हे तिच्या हातांना कोण सांगणार?

समोर इंचकाका रंगात आले होते. "काल एक गृहस्थ पँट सैल करायला घेऊन आले. म्हणाले, धुतल्यावर आटली. म्हटलं, साहेब, मग कंबरही एकदा धुऊन बघा. आटली तर आटली!"

धाकटीला हसू फुटले. दोन टाचण्या टेबलावर पडल्या. तिसरी आत गेली आणि गाल व दात यांच्यामध्ये आडवी झाली.

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात तो एकच क्षण मी घाबरले. टाचणी गिळली जाईल या भीतीने धाकटीने तोंड उघडायची धडपड केली. रबरी कड्या ताणल्या. जबडा खाली ओढला जाऊ लागला, आणि तो सगळा ताण माझ्या चार स्क्रूंवर आला. उजवीकडून बहिणीचा कण्हण्याचा आवाज हाडातून मला ऐकू आला. मी माझ्याजवळ होते नव्हते ते सगळे बळ एकवटून धरून राहिले.

"उघडू नकोस!" मास्तरांनी स्वतःच्या तोंडातल्या टाचण्या तळहातावर थुंकल्या. "धाकटे, माझ्याकडे बघ. पुतळा हो. नाकानं श्वास घे. टाचणी कुठंय, बोटानं दाखव."

तिने डाव्या गालावर बोट ठेवले. ओढ थांबली.

"काका, चुंबक."

रोज संध्याकाळी फरशीवरच्या टाचण्या गोळा करायला दुकानात एक मोठे लोहचुंबक होते. मास्तरांनी ते रुमालाने पुसले आणि धाकटीच्या गालावर बाहेरून टेकवले. आत टाचणी टक्कन गालाला चिकटली. दातांवरच्या ताराही किंचित कुरकुरल्या. मी मात्र जागची हलले नाही. चुंबकाशी माझे कसलेही नातेगोते नाही. मास्तर ते गालावरून तसूतसूने ओठांच्या कोपऱ्याकडे नेऊ लागले. कापडावर खडूची रेघ ओढताना त्यांचा हात जसा चालतो, तसाच तो चालत होता. कोपऱ्यातून टाचणीचे डोके बाहेर आले. त्यांनी ते चिमटीत धरून टाचणी ओढून घेतली.

"किती होत्या?"

तिने तीन बोटे दाखवली. टेबलावर दोन, हातात एक. मास्तरांनी तिन्ही एकत्र करून पुन्हा मोजल्या.

"बरं झालं मास्तर, पट्टी नाही निघून आली," इंचकाका म्हणाले.

"ती लोखंडाची नाही, काका," धाकटी दातांतून म्हणाली, आणि तिघेही एकदम हसत सुटले. ते हसणे मात्र रडण्याच्या उंबरठ्यावरचे होते. जबडा सरकला का, हे अजून कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याच दुपारी ती तिघे डॉक्टरबाईंकडे गेली. एक्स-रे काढला गेला. चित्र उजेडापुढे धरताच मास्तर दचकले. "पट्टी कुठंय? गेली की काय?"

"ती चित्रात दिसत नाही. हे चार ठिपके म्हणजे स्क्रूंची भोकं. आणि ही हाडाची रेघ बघा." डॉक्टरबाई वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. "रेघेला रेघ लागलेली आहे. तिळभरही सरकलेलं नाही. नवं हाड धरायलाही लागलंय."

मी दिसले नाही याचे मला काडीचेही वाईट वाटले नाही. मी जे धरून ठेवले होते ते दिसत होते.

मग त्यांनी कापसाचा बोळा धाकटीच्या खालच्या ओठावरून फिरवला. "काही कळतंय?"

"नाही... नाही... अं, इथं! मुंग्या आल्या!"

"म्हणजे ओठ जागा होतोय. वेळ लागेल, पण होतोय." धाकटी टाळ्या वाजवू लागली. डॉक्टरबाईंनी हसतच विचारले, "आता एक सांगा, टाचणी तोंडात गेली कशी?"

मास्तर म्हणाले, "आमच्याकडं वडिलांपासून तशीच धरतात." नेहमी हे वाक्य ते छाती पुढे काढून म्हणत. त्या दिवशी त्यांनी ते खाली मान घालून म्हटले.

पुढची हकीकत तशी सरळ आहे. सहा आठवडे झाले, कड्या सुटल्या. उकडलेला बटाटा आला, मऊ पाव आला. सातव्या महिन्यात धाकटीने सुरी बाजूला ठेवून अख्ख्या सफरचंदाचा पुढच्या दातांनी लचका तोडला. तो आवाज माझ्या अंगातून फटाक्यासारखा गेला. तेव्हा भार हाडाने पेलला होता. मी नुसती पाहुणी होते. आता मी मऊ, ठिसूळ झाले आहे, कडांनी झिजते आहे. माझे कण पाणी होतात, हवा होतात आणि तिच्या श्वासावाटे बाहेर पडतात. ती शीळ घालायला शिकते आहे, त्यामुळे माझा थोडा भाग शिळेतूनच जातो. याहून चांगली वाट कोणाला मिळते? फक्त एवढे सांगते: तुमचे काही आतून जुळत असेल तर त्याला त्याचा वेळ द्या. आणि एखादी सवय आजोबांपासून चालत आली म्हणून ती आपल्या अंगाला सोसतेच असे धरून चालू नका.

पण मला शेवटी सांगायची आहे ती त्या एक्स-रेनंतरची सकाळ.

त्या दिवशी मास्तर दुकानात सर्वांच्या आधी गेले. धाकटी पोचली तेव्हा शिवणयंत्र चालू होते. ते लहान लहान दमात चालत होते, म्हणजे काहीतरी छोटे शिवले जात होते. कोटांच्या काळ्या चिंध्या, आत कापूस, खाली इलॅस्टिकचा पट्टा. तीन गुबगुबीत उशा, मनगटावर बांधायच्या.

"हे काय बाबा?"

"टाचण्या ठेवायला." एवढेच बोलून त्यांनी एक उशी तिच्या मनगटावर चढवली, एक स्वतःच्या.

तेवढ्यात वाद्यवृंदातले व्हायोलिनवाले गृहस्थ कोट अंगावर घालून बघायला आले. त्यांनी हवेतच व्हायोलिनचा गज फिरवून दाखवला. बाही काखेत ओढत होती. मास्तर त्यांच्यामागे उभे राहिले आणि मनगटावरची टाचणी काढून काखेत लावली. दुसरी लावली. तिसरीच्या वेळी हात सवयीने ओठांकडे गेला, अर्ध्यावर थांबला, मनगटाकडे वळला. हे सगळे इंचकाका हळू आवाजात धाकटीला सांगत होते, म्हणून मला कळले. त्यांच्या स्वतःच्या ओठांत तेव्हा चार टाचण्या होत्या.

मग टेबलावरच्या बशीत टक्, टक्, टक्, टक् असा चार वेळा आवाज झाला.

"दे बाई इकडं ती तिसरी," इंचकाका म्हणाले आणि त्यांनी डावे मनगट धाकटीपुढे धरले. "पट्टा मात्र एक इंच सैल बांध."