आवळून छापलेलं पुस्तक

"आवो साहेब, निम्मं पान मोकळंच सोडलासा की! बगवंना. म्हणून सगळं आवळून घेतलं," छापखान्याचा मालक बाळासो कौतुकानं सांगत होता. "आन् हर प्रोग्रामच्या डोक्यावर अंबाबाईचं नाव टाकलंय. त्याचं पैसं न्हाईत हां!"

मंगळवार पेठेतल्या त्याच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापायचे. आमच्या ह्यांनी, त्र्यंबकरावांनी, पुस्तक तिथं दिलं, कारण दुसरं कुणी घेईना. कॉम्प्युटरकडून रिपोर्ट कसे काढायचे, ते प्रोग्रॅमर लोकांना मराठीतून शिकवणारं पुस्तक. सत्याऐंशी साली! साखर कारखान्यातली नोकरी सांभाळून हे वर्षानुवर्षं लिहीत होते. कुठला आकडा कुठल्या रकान्यात पडायचा, ते त्या मोकळ्या जागेवरच ठरतं. ती आवळली की उसाचं वजन शेतकऱ्याच्या नावात घुसतं. आणि वर देवीचं नाव असलं, तर कॉम्प्युटर पहिल्याच ओळीला अडून बसतो.

"पुन्हा छापा," हे म्हणाले.

"आता? परवा प्रकाशन हाय. आन् एवढं बारीक कोण वाचतंय हो?"

शी! शिसारी आली मला त्या माणसाची. आणि न भांडताच बाहेर पडले म्हणून ह्यांचीसुद्धा.

घरी ताटावरून उठले. म्हणाले, "माझ्या नावावर भरवसा ठेवून कुणीतरी हे टाइप करेल, कालिंदी. चालेना झालं की स्वतःलाच मूर्ख समजेल."

प्रकाशनाला अध्यक्ष होते गणपतराव, आमच्या भागातले पुढारी. पुस्तक न उघडताच त्यांनी कॉम्प्युटरयुगाचं दळण दळलं. मग शाल, नारळ, फोटो. नुसता चिकट तमाशा!

हे माइकपाशी गेले. "पुस्तक चुकीचं छापलंय. ह्यातला एकही प्रोग्रॅम चालणार नाही. कृपा करून कुणी घेऊ नका."

मला वाटलं, सुटले एकदाचे.

तेवढ्यात गणपतरावांनी माइक ओढला. "बगितलासा? एवढं इद्वान, पर गर्व हाय का? ह्येला म्हंत्यात नम्रपणा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाळासोनं विक्रीला पुस्तकं मांडलेल्या टेबलाशी झुंबड उडाली. थुंकावंसं वाटलं मला त्या टाळ्यांवर.

ह्यांनी शाल काढून माझ्याकडे दिली. टेबलाशी जाऊन खिशातलं पेन काढलं आणि एकेक प्रत उघडून, पहिल्या पानावरचं आपलं नाव खोडायला सुरुवात केली.

लोकांना वाटलं, सही करतायत. रांग आणखी वाढली.