खंडेनवमीचा विसावा

माझ्या झाकणावर आइस्क्रीमचे अर्धवट पुसलेले चित्र आहे. मी एक जुना डीप फ्रीजर. बीडच्या बसस्थानकाजवळचे एक दुकान बंद पडले आणि स्वप्नालीने मला नेकनूरला आपल्या घरी आणले.

पुण्याची नोकरी सोडून तिला सीताफळाचा गर गोठवून विकायचा होता. कर्ज नको, भागीदार नको. पगारातून साठवलेल्या शिलकीवर एक हंगाम निभावायचा. तेवढ्यात कायमचे गिऱ्हाईक मिळाले नाही, तर मुकाट्याने नोकरीवर परतायचे, असे तिने ठरवले होते. मला दुरुस्त करताना मतीन मिस्त्रीने बजावले होते, “रबर झिजलंय ताई. झाकण सारखं उघडू नका.”

तिची आई, चंद्रभागाबाई, दिवसभर फळे फोडून बिया वेगळ्या करीत. त्यांच्या बोटांवरचा काळेपणा रात्रीच्या धुण्यानेही जात नसे.

खंडेनवमीला स्वप्नाली नमुना घेऊन पुण्याला गेली होती. चंद्रभागाबाईंनी विळा, खुरपे आणि शिलाई यंत्राच्या रांगेत मलाही मान दिला. कुंकू लावले, झेंडूची माळ घातली. त्या दिवसापासून दसऱ्याचे सोने लुटेपर्यंत अवजाराकडून काम घ्यायचे नाही, ही त्यांच्या घरची रीत. त्यांनी हात जोडले आणि माझे बटण बंद केले. मला वाचा नव्हती.

दसऱ्याच्या संध्याकाळी स्वप्नाली साठ किलोंची मागणी पक्की करून परतली. तिने झाकण उघडले. सगळा गर पातळ होऊन आंबला होता.

“वरीसभर राबायचंय त्याला, एक दिस इसावा द्यावा म्हनलं,” चंद्रभागाबाई म्हणाल्या. मग हळूच, “परत गोठीव की. कुनाला कळंल?”

स्वप्नाली रागावली नाही. तिने चमचाभर गर आईपुढे धरला. चंद्रभागाबाईंनी तो चाखला, तोंड फिरवले आणि उकिरड्यावर ओतायची पहिली बादली स्वतःच उचलली.

स्वप्नालीने गिऱ्हाइकाला फोन करून घडले ते सांगितले. त्याने दहा दिवस दिले. उरलीसुरली शिलक फळांत गेली. दहाव्या दिवशी गाडी भरून गेली, आणि महिन्याभराने त्याच माणसाची दुसरी मागणी आली. पुण्याच्या नोकरीचा विषय पुन्हा घरात निघाला नाही.

यंदाच्या खंडेनवमीला चंद्रभागाबाईंनी मला माळ घातली. सवयीने हात बटणाकडे गेला आणि थांबला.

“तू चाल बाबा,” त्या म्हणाल्या, “यंदा मीच बसते.”

त्या माझ्या कोमट कुशीला पाठ टेकून बसल्या आणि थोड्याच वेळात त्यांना झोप लागली.

मी आता फार खडखडतो. माझ्या जागी नवा येईल, तो खुशाल येवो. मागणे एवढेच आहे, की विसावा वाटताना घरातल्या माणसांना आधी आठवावे.