वृंदावनाची दुसरी लेक

मी शेवाळ बोलतेय. नाक मुरडू नका. घसरून पडलात तर दोष तुमच्या चपलेचा.

सोलापुरात घोंगड्या विकणाऱ्या ज्ञानबाच्या अंगणात तुळशीवृंदावन आहे. वाऱ्यावर आलेली मी, पिठाच्या कणाहून बारीक. त्याच्या फटीत पडले, हिरवा धागा झाले, मग पानं फुटली. मुळं नाहीत मला. तुळशीला घातलेल्या तांब्यातलं जे ओघळेल, तेवढंच माझं.

ज्ञानबा-केराबाईला लेक नाही. कन्यादानाचं पुण्य मिळावं म्हणून केराबाई दर कार्तिकात तुळशीचं लग्न लावायची. तुळशीला हिरवा चुडा, उसाचा मांडव. आणि आदल्या दिवशी चुना द्यायचा म्हणून मला खुरप्यानं खरवडायचं! फटीत उरलेल्या तुकड्यातून मी पुन्हा उगवायची, पण अंगाचा नुसता जळफळाट व्हायचा. अहो, लग्न माझंही होतं. शेजारच्या फटीत नर. मधे पाण्याची ओल असली की त्याचं बीज पोहत माझ्यापर्यंत यायचं. ना अक्षता, ना वाजंत्री. पोटी पोरं धरावीत, तोवर खुरपं हजर.

बहात्तरच्या दुष्काळात तुळस वाळली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? मीही काळी ठिक्कर पडले होते, पण आम्ही अशा मरत नाही. केराबाई वाळल्या काडीलाही तांदळाचं धुवण घालत राहिली. तेवढ्यावर मी हिरवी झाले. तिला दिसायचं कमी. तिनं बोटांनी चाचपलं.

"आवं, बगा की, लेक फुटली आपली."

ज्ञानबा वाकला. त्यानं मला ओळखलं. बायकोच्या तोंडाकडं बघितलं.

"व्हय, फुटली की," तो म्हणाला.

त्या कार्तिकात खुरपं आलं नाही. हळदकुंकू मला मिळालं, नाव मात्र तुळशीचं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. माझ्यावर बारीक देठ उभे राहिले, टोकाला इवल्या कुप्या, कुप्यांत माझी पोरं. केराबाईच्या बोटांना ते लागले. "मंजिरी आली गं बाई," म्हणत तिनं तुळशीची खुडतात तशी, रोप वाढावं म्हणून, सगळी खुडून टाकली. लाडानं खुडली हो.

बोटांना कुप्यांतली धूळ लागली, म्हणजे माझी पोरंच. तेच हात घेऊन ती रांजण भरायला गेली. आता रांजणाच्या बुडाशी माझ्या लेकी हिरव्या झाल्यात.

केराबाई मला अजून तुळसाच म्हणते. तुळस मेली तरी तीच लाडकी. ज्ञानबा, तुम्ही माझे आबा, तुम्हाला ठाऊक आहे मी कोण ते. आईला सांगू नका. पण कधी अंगणात एकटे असलात, तर एकदा मला माझ्या नावानं हाक मारा.