पांढरे पाय

वासराच्या पायावर घासलेल्या फेस्टसच्या ओल्या अंगठ्यावर काळा डाग उमटला होता. वासरू कठड्यापाशी फिंटन मलहर्नचे बोट चोखत उभे होते. त्या चोखण्यात एक लहानसा, विश्वासू जोर होता. हात काढून घ्यावा, एवढेही फिंटनला सुचेना.

लिट्रिमच्या या मंगळवारच्या गुरांच्या बाजारात फेस्टस वीस वर्षे फिंटनची वासरे न तपासता घेत आला होता. आज तो सहज वाकला होता, इतकेच.

"बुटाचं पॉलिश?" फेस्टसने अंगठा हुंगला. "चर्चला निघालंय का रे हे?"

मागे कुणीतरी फिसकन हसले.

"जन्माचा कागद खरा आहे," फिंटन पुटपुटला. "बाप अँगसच आहे त्याचा, मांसाच्या काळ्या जातीचा."

फेस्टसने वासराच्या डोक्यावरच्या केसांत बोटे खुपसली. अँगसच्या पोराला शिंगांचे कोंभ नसतात. दोन्ही बाजूंची कवटी गुळगुळीत लागली, तरी तो चाचपतच राहिला. जणू खोट सापडली असती तर त्यालाच सोपे गेले असते.

"अँगसचंच आहे." त्याचा आवाज उतरला. "मग रंगवलंस कशाला, शहाण्या?"

"चारही पाय पांढरे. आईवर गेलंय, ती दुधाची. गेल्या मंगळवारी याचाच जुळा भाऊ आणला होता, तू नव्हतास. सगळे म्हणाले, हे दुधाच्या जातीचं, नुसती हाडं, याला मांस कुठून धरणार? निम्म्या भावात गेला."

"मला सांगायचंस. तुझ्या शब्दावर घेतलं असतं."

पहाटे ब्रश फिरवताना फिंटनला आपण खोटे करतो आहोत असे वाटलेच नव्हते. खऱ्याला खऱ्यासारखे दिसायला तो थोडा हातभार लावत होता.

"आणि मागच्या वसंतात तुझ्याकडून घेतलेली सात वासरं?" फेस्टसने हळूच विचारले. "कोळशासारखी काळी होती. तीही रंगवलेली?"

ती जन्माचीच काळी होती. उत्तर एका शब्दाचे होते, खरे होते, जिभेवर आलेही होते. पण फेस्टस त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हता. त्याच्या काळ्या नखांकडे पाहत होता.

फिंटनने फाटक उघडले, वासराला दोन्ही हातांवर उचलले आणि माणसे बाजूला सरत गेली तसा तो त्यांच्यामधून चालू लागला.