डाग माझ्या काचेत नव्हता

मी दुर्बीण आहे. दाखवणं हे माझं काम, बोलणं नव्हे. पण यंदाच्या उन्हाळ्यात माझ्यावर खोटा आळ आला, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. म्हणून आज बोलते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी हिंमतरावांच्या गळ्यात होते. हिंमतराव बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगेच्या जंगलात वनरक्षक. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांनी मला त्यांच्या हाती दिलं आणि पुढची चोवीस वर्षं आम्ही एकमेकांना सोडलं नाही. अस्वल, बिबट्या, मोराची पिल्लं, लाकूडचोर, सगळं त्यांनी माझ्यातून पाहिलं.

माणूस कडक. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून जनावरं मोजायची असतात. एखाद्याला काहीच दिसलं नाही, तर तो लाजेखातर चार रानडुकरं वाढवून लिहायचा. हिंमतराव मात्र ठळक अक्षरांत लिहायचे, 'निरंक'. म्हणजे काही नाही. "जे दिसलं न्हाई, थे लिवाचं न्हाई," एवढंच म्हणायचे.

त्यांच्या बायकोला, गोजरबाईंना, मला हात लावायची मुभा नव्हती. "मले पाहू द्या ना एकडाव," असं त्या म्हणाल्या की "थे काय खेळनं हाय काय?" हे ठरलेलं उत्तर. मलाही त्याचा थोडा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

नोकरी संपली, ते आपल्या गावी, उंद्रीला, घरी आले आणि मी खुंटीला लागले. बरीच वर्षं तिथेच होते. मग यंदा संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या लेकीचा, पूनमचा, पुण्याहून फोन आला. आईबाबांना घेऊन आफ्रिकेला जायचं तिने ठरवलं होतं. झांबिया देशात लुआंग्वा नावाची नदी आहे, तिच्या काठी मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. पाणघोडे, हत्ती, मगरी, सगळे नदीवर येतात म्हणे.

हिंमतरावांनी काय विचारलं असेल? विमान नाही, हॉटेल नाही. "थी नदी आटते कवा?"

"बाबा, नदी आटायचं काय करायचंय आपल्याला?"

"अवं पोरी, रानातलं पानी आटलं का जनावर नदीवर येते. आपल्या पानवठ्यावानीच हाय थे."

पूनमने चौकशी करून सांगितलं आणि ऑक्टोबर ठरला. मग घरात दुसरा विषयच नाही. हिंमतरावांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नदीची वळणं काढली, सकाळचं ऊन कुठून येईल त्याच्या खुणा केल्या. पासपोर्टच्या फोटोसाठी पदर खाली घ्यायला लावला, म्हणून गोजरबाई फोटोवाल्यावर दोन दिवस चिडून होत्या. आणि मी! मला खुंटीवरून काढलं, माझा पट्टा तेल लावून मऊ केला. माझा आनंद गगनात मावेना.

दुसऱ्याच दिवशी हिंमतराव मला घेऊन गच्चीवर गेले. समोर गावतळं. त्यांनी मला डोळ्यांना लावलं, खाली घेतलं, सदऱ्याने पुसलं, पुन्हा लावलं. पुन्हा पुसलं.

"हिच्या काचंत मधोमध डाग पडला," ते म्हणाले.

माझ्या काचेत डाग! मी चिडले. नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात आलं, आणि त्याची मला आज लाज वाटते. कारण मी घरात पाहत होते ना. चहा बशीत ओतताना तो बाहेर सांडायचा. समोर आलेल्या माणसाला ते चेहऱ्यावरून नाही, चालीवरून ओळखायचे. त्यांना सगळं कळत होतं. पण स्वतःच्या डोळ्यांना दोष देण्यापेक्षा मला देणं सोपं होतं.

चिखलीला चष्मे आणि घड्याळं दुरुस्त करणारे अब्दुल गनी यांच्याकडे मला नेलं. त्यांनी मला उघडलं, पुसलं, समोरची पाटी वाचून पाहिली. हळूच म्हणाले, "हिंमतराव, काच एकदम साफ हाय. तुमी डोळ्याच्या डॉक्टरले दाखवा."

"तुमाले न्हाई समजत यातलं," म्हणून हिंमतराव तडक उठले. दुकानाची पायरी त्यांना दिसली नाही. पडता पडता वाचले.

पूनमला त्यांनी दुर्बीण खराब झाली म्हणून कळवलं. तिने बिचारीने नवी पाठवली. काळी, तुकतुकीत. हिंमतराव तिला घेऊन गच्चीवर गेले, मीही शेजारी होतेच. बराच वेळ पाहिलं त्यांनी. मग ती खाली ठेवली.

"हिच्यातबी हाय," म्हणाले.

मी निर्दोष सुटले. आणि मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा मधोमध झिजला आहे. गेलेलं परत येणार नाही. कडेकडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे रोखून पाहाल तेच दिसणार नाही.

हिंमतरावांनी घरी येऊन फोन लावला. "रद्द कर पोरी. आंधळ्याले हत्ती दाखून काय करतं?" पूनम फोनवर रडली. नदीचं कॅलेंडर घडी घालून माळ्यावर गेलं.

चार दिवसांनी गोजरबाईंनी न विचारता मला खुंटीवरून काढलं. गच्चीवर हिंमतराव बसले होते. त्यांच्याशेजारी उभ्या राहून बाईंनी मला डोळ्यांना लावलं.

"बगळा हाय तळ्यात," त्या म्हणाल्या.

मग हिंमतरावांनी डोळे मिटले. "पाय कसे हायेत?"

"काळे. थांबा... पंजे पिवळे हायेत."

"मंग लहान बगळा थो. पान्याकडं नको पाहू. काठ पाह्य, जनावर काठावर असते."

तेव्हापासून रोज सकाळी शाळा भरते. माळ्यावरचं कॅलेंडर खाली आलं आणि 'रद्द करू नोको' म्हणून पूनमला पुन्हा फोन गेला. बाई अजून चुकतात, चित्र स्पष्ट करायचं माझं चाक उलटं फिरवतात, एक डोळा मिटून घेतात. मला धाकधूक वाटते. तिथे नदीवर यांना जमेल का?

परवा तळ्यावर काहीच नव्हतं. हिंमतराव कान देऊन वाट पाहत होते. बाईंना कीव आली असावी. "दोन करकोचे हायेत," त्या म्हणाल्या.

"कुठी?"

"थे... बाभळीपाशी."

हिंमतरावांनी मान हलवली. "गोजर, आवाजावरून समजते मले. काई न्हाई ना?"

बाईंनी मला खाली घेतलं. मग म्हणाल्या, "न्हाई."

"मंग निरंक म्हन. तिकडंबी तसंच म्हनजो. मले बरं वाटावं म्हनून हत्ती उभा करजो नोको. खोटं म्या बोललो एकडाव, या दुर्बिणीच्या नावानं. थेवढं पुरे."

इतक्या वर्षांत त्यांनी माझी कधी क्षमा मागितली नव्हती. ही क्षमाही थेट माझ्याकडे मागितलेली नव्हती, तरी मी ती माझीच समजून घेतली.

ऑक्टोबरला आता बारा दिवस राहिलेत. माझ्या पट्ट्याला गाठ मारून तो गोजरबाईंच्या गळ्याच्या मापाचा केला आहे. तुमच्याही घरात कुणी एखादी वस्तू पुन्हा पुन्हा पुसत असेल, तर वस्तूकडे नका पाहू, त्या माणसाकडे पाहा.

आज सकाळी बाईंनी मला लावलं, काठ नीट न्याहाळला आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "निरंक." हिंमतराव कितीतरी दिवसांनी हसले.