बरोबर उत्तराची थप्पड

त्या दिवशी भट्टीवर लोखंडापेक्षा लेकीलाच जास्त मार बसला. सात वर्षांची पोर लागोपाठ चौथ्या दिवशी शाळेतून गाल सुजवून आली होती, आणि लोहारणीच्या डोक्यात तिडीक गेली होती.

"नाइफ सांग!" तिनं घण उचलला.

"के, एन, आय, एफ, ई."

पाच अक्षरं, ऐरणीवर पाच घाव. एकही चुकला नाही.

या घरात लोहार सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि त्याची बायको घण मारायची. दोघंही अंगठेबहाद्दर. पोर भाता ओढता ओढता इंग्रजी शब्द घोकायची आणि आई एकेका अक्षरावर घण टाकायची. जे अक्षर बोलायचंच नाही ते लिहायचं कशाला, म्हणून लोहारणीनं त्या भाषेला शिव्याही घातल्या होत्या. पण ऐकून ऐकून सगळे शब्द तिलाही पाठ झाले होते.

"मग शाळेत काय दातखिळी बसते तुझी?" असं म्हणत तिनं लेकीच्या कानाखाली ठेवून दिली. पोर भात्यावर जाऊन आदळली.

"अगं, मारून टाकशील तिला!" लोहार ओरडला.

"नापास झाली तर मास्तर शाळेतून नाव काढणार आहेत हिचं. मग जन्मभर हाच भाता ओढू दे का?"

दुसऱ्या दिवशी लोहारीण काळ्या हातांनीच शाळेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

मास्तर स्वतःचा हात दुखवून घेत नसत. ज्याचं उत्तर बरोबर येईल, त्यानं चुकलेल्याच्या थोबाडीत मारायची. हळू मारली तर मारणाऱ्याला छडी. त्यांनी लेकीला 'फ्रेंड' विचारला. कालच सहा घावांत पक्का केलेला शब्द! पोर "एफ, आर" म्हणाली आणि गप्प झाली. मागच्या मुलानं तो घडाघडा सांगितला, पुढं आला आणि तिला अशी हाणली की नाकातून रक्त आलं.

लोहारीण दार ढकलून आत शिरली. "येतंय तिला! माझ्यासमोर म्हणून दाखवलंय!"

"मग बोलत का नाही?" मास्तर हसले. "घेऊन जा बाई, लोखंड ठोकायला लावा."

कोपऱ्यात कुंभाराची मुलगी बसली होती, कानात कापसाचा बोळा घातलेली. तीच उठून म्हणाली, "काकू, ती मुद्दाम चुकते. गेल्या आठवड्यात तिचं बरोबर आलं, तेव्हा तिनं मला मारलं. मास्तर म्हणाले, आणखी जोरात. माझ्या कानातनं रक्त आलं. तेव्हापासून ती सांगतच नाही."

लोहारणीनं लेकीच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. चार दिवस शाळेत मास्तरमुळे मार, आणि घरी आल्यावर आईचा.

"मला विचारा एक शब्द," ती म्हणाली.

"तुम्हाला?" मास्तरांना हसू आवरेना. "बरं, सांगा. नाइफ."

तिनं पाय आपटत पाचही अक्षरं म्हटली. पुढच्या क्षणी बारा वर्षं घण मारलेला हात मास्तरांच्या गालावर पडला. ते बाकावरून उलटे गेले, चष्मा फुटला, ओठ फाटला. तिनं छडी गुडघ्यावर मोडली आणि तुकडे त्यांच्या छातीवर फेकले.

"हळू लागली असेल तर सांगा," ती म्हणाली.

उद्यापासून लेकीला शाळा नाही, हे तिला तिथंच कळून चुकलं होतं. तरी ऊर भरून आला होता. पोरीचा हात धरून ती बाहेर आली. नाकातलं रक्त अजून थांबलं नव्हतं. ते पुसायला तिनं पदर घेऊन हात वर केला.

पोरीनं गच्च डोळे मिटले, दोन्ही कोपरं तोंडासमोर धरली आणि ती एका दमात ओरडली, "एफ, आर, आय, ई, एन, डी! के, एन, आय, एफ, ई! येतंय आई, सगळं येतंय!"

लोहारणीचा हात वरच राहिला. तो खाली कसा आणावा, हेच तिला कळेना.